तुझा हात, माझी लेक

परवा तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही, शशी. दोनदा माझं नाव पुकारलं, दोनदा मी हात हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, हिला हुंदका आवरत नसेल. डोंबलाचा हुंदका. मला राग आला होता. एकेक जण उठून जे काही सांगत होता ते ऐकायला तू असतीस, तर मधूनच उठून बाहेर सेव-उसळ खायला निघून गेली असतीस. कुणी म्हणालं, तू शांत स्वभावाची होतीस. जिच्या ओरडण्याने मैदानापलीकडच्या शाळेतले मास्तर शिकवायचे थांबत, ती बाई म्हणे शांत. कुणी म्हणालं, तू जन्मजात खेळाडू. तेव्हा तर मला त्याच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटला. तुझं जन्मजात काही म्हणजे काही नव्हतं. सगळं घासून घासून मिळवलंस, आणि त्यातली निम्मी घासाघाशी मी पायाला पॅड बांधून, गोलात उभी राहून बघितली आहे.

पण मी बोलले नाही याचं खरं कारण निराळं होतं. केतकी आली नव्हती. माझी लेक, जिच्या हातात नीट चालता येण्याआधी तू हॉकीची स्टिक दिलीस, ती मांजलपुरात तुझ्यापासून दोन गल्ल्या टाकून राहते, आणि आली नाही. ती का आली नाही हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे. तिला जे माहीत होतं ते खोटं होतं, आणि ते मी सांगितलेलं होतं. ते मनात ठेवून तुझ्या फोटोशेजारी उभं राहायला मला तोंड नव्हतं.

तेव्हा आता इथे बोलते. तू मधे बोलू शकत नाहीस, हे पहिल्यांदाच घडतंय.

आपण भेटलो तेव्हा तेरा वर्षांच्या होतो. मी बडोद्यातल्या वाडी भागातून चालत यायचे. आमचं घर जुन्या संस्थानी नोकरदारांचं, घरात पुस्तकं फार आणि पळायला जागा कमी. तुझे बाबा रेल्वेत फिटर, खानदेशातून बदली होऊन आलेले. तू माझ्या मराठीला हसायचीस, म्हणायचीस की ही जेवतानासुद्धा निबंध बोलते. आणि तुझी मराठी ऐकून माझी आई हळूच विचारायची, ही मुलगी चिडली आहे का गं कशावर? तू चिडलेली नसायचीस, तुझा आवाजच तसा. चार दिवसांत तू मला गोलात उभी केलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, तू पळत नाहीस पण हटतही नाहीस. माझं इतकं खरं वर्णन पुढे नवऱ्यालाही जमलं नाही.

मैदान मुरमाचं. खडे वर आलेले, चेंडू सरळ येता येता मधेच उसळून नडगीवर बसायचा. आपल्या दोघींच्या नडग्या बारा महिने हिरव्या-निळ्या. त्या मैदानावर तू चेंडू अडवायला शिकलीस ते तुझ्याच पद्धतीने. स्टिक उभी, मनगटं सैल, अंग किंचित मागे. चेंडू कितीही उसळला तरी उभ्या दांडीवर कुठेतरी लागायचाच, आणि सैल हातांमुळे तिथेच जीव सोडल्यासारखा पायाशी पडायचा. मी तुझ्या मागे, गोलात. गोलकीपरला आपल्या फुलबॅकची पाठच दिसते, तशी मी बारा वर्षं तुझी पाठ बघितली. खांदे जरा खाली गेले की मला कळायचं, आला चेंडू हातात, आता आपल्याला काम नाही. त्या एका क्षणासाठी मी खेळत राहिले असं म्हटलं तरी चालेल. लग्न झालं, केतकी झाली, तरी पॅड बांधायला येत राहिले ते त्यासाठीच.

मग तुला भारताच्या संघात बोलावणं आलं. सव्वीस वर्षांची होतीस. बडोद्यात तोवर घरोघरी केबल आलं होतं, पोरं दिवसरात्र क्रिकेटच बघत होती, आणि तुझी बातमी पेपरात आत कुठेतरी चार ओळींत आली होती. मी ती कापून घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सासूबाई म्हणाल्या, देव्हाऱ्यात लाव ना त्यापेक्षा. आमच्या शेजारी फोन होता, तिथे तू परदेशातून फोन केलास. पहिली मॅच हरलो, एवढंच म्हणालीस. आणि मग म्हणालीस, माझ्यामुळे.

झालं काय होतं ते परत आल्यावर तू फक्त मला सांगितलंस. टर्फवर, म्हणजे त्या कृत्रिम गवतावर, चेंडू उसळत नाही. जमिनीला चिकटून, सणसणत, सरळ येतो. त्याला अडवायला खाली वाकून स्टिक आडवी टाकावी लागते. शिबिरात पंधरा दिवस तू तेच केलंस, पण अंगवळण बारा वर्षांचं. ऐन मॅचमध्ये, शेवटच्या मिनिटांत, चेंडू आला आणि तुझ्या हातांनी विचार न करता मुरमावरचं काम केलं. स्टिक उभी राहिली, चेंडू तिच्या बोटभर बाजूने निघून गेला. पुढच्या मॅचला तू बाहेर बसलीस, आणि त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. एकच मॅच. दुसरी कुणी असती तर टर्फला नाहीतर निवड समितीला शिव्या देत आयुष्य काढलं असतं. तू आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी राहून विचारलंस, वाडीतल्या मंगल कार्यालयाची लादी गुळगुळीत आहे ना गं?

मला वाटलं, तुझं लग्न ठरलं. कपाळ माझं.

चातुर्मास लागला होता. लग्नं बंद, कार्यालय रिकामं. बडोद्यात तेव्हा टर्फ कुठून असणार? पण तुझं म्हणणं असं की ओली मोझॅक लादी आणि टर्फ यात चेंडूला फारसा फरक कळत नाही. तिथल्या व्यवस्थापक काकांना तू काय सांगून पटवलंस देव जाणे, पण चार महिने रोज सकाळी आपण बादल्यांनी लादी ओली करायचो. जिथे नवरानवरी उभे राहतात तिथे मी गाद्या रचून त्यांच्यापुढे उभी, आणि जेवणाच्या पंगती बसतात तिथे तू. मी चेंडू मारायचा, तू वाकून स्टिक आडवी टाकायची. चुकलीस की स्वतःलाच ओरडायचीस, ‘फरीथी!’ बडोद्यात राहून मराठी माणूस स्वतःवर गुजरातीत चिडतो, हे मी तुझ्याकडे पाहिलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तुझ्या पाठीत उसण भरायची, गुडघे सोलवटायचे. आणि हे सगळं कशासाठी, तर ज्या संघात तुला पुन्हा कुणी घेणार नव्हतं त्यासाठी. मी एकदा वैतागून विचारलंही. तू म्हणालीस, मला नाही जमलं ते का नाही जमलं हे मला कळायला हवं, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला काय सांगणार?

तुझ्यातली प्रशिक्षक मला त्या लादीवर पहिल्यांदा दिसली. शोकसभेत कुणाला हे ठाऊक नव्हतं. ते सगळे तू पुढे कुठली कुठली पदकं मिळवून दिलीस ते मोजत बसले होते.

त्यानंतरची तुझी वर्षं मी अर्धी बघितली, अर्धी ऐकली. तू प्रशिक्षकाच्या परीक्षा दिल्यास, आधी जिल्ह्याच्या, मग राज्याच्या मुली घेतल्यास. पादरा गावाहून बसने येणाऱ्या त्या सहा मुलींना तर तू जवळजवळ दत्तकच घेतलं होतंस. त्यांच्या आयांना जाऊन भेटायचीस, पहाटे उठून मुलगी खेळायला गेली तर गाईचं दूध कोण काढणार याचंही वेळापत्रक लावून द्यायचीस. आजूबाजूला सगळे आपल्या मुलींना कॉम्प्युटरच्या क्लासला घालत होते तेव्हा तू त्या आयांना सांगायचीस, शशीबेन आहे ना, मुलीचं वाईट होऊ देणार नाही. आणि होऊ दिलंही नाहीस. त्यातल्या चौघी खेळावर नोकरीला लागल्या. आणि मग एक दिवस भारताच्या संघाची प्रशिक्षक म्हणून तुझं नाव आलं. यावेळी बातमी पहिल्या पानावर होती. आमच्या कपाटाचं दार पुरलं नाही.

राष्ट्रीय शिबिरात तू मला एकदा गोलकीपर मुलींसाठी दहा दिवस बोलावून घेतलंस. तिथे तुझी ती रीत बघितली. संघाची यादी भिंतीवर लागण्याआधी, जिचं नाव नसेल त्या प्रत्येक मुलीकडे तू स्वतः जायचीस. ऑफिसात बोलवायची नाहीस. ती जिथे असेल तिथे, तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायचीस आणि एकच कारण सांगायचीस. दोन नाही, एकच. आणि ते कसं दुरुस्त होईल ते सांगायचीस. मणिपूरची एक मुलगी रडत रडत हसताना मी पाहिली, कारण तू तिच्या बुटांची लेस बांधता बांधता तिला सांगत होतीस की तुझा डावा खांदा तुझ्या उजव्या खांद्याला विचारत नाही. परत येताना गाडीत मी विचार करत होते, माझ्या नशिबाला किती मोठी मैत्रीण आली आहे. तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, पुरे तुझा निबंध.

पुढच्या वर्षी त्याच शिबिरात केतकी होती.

केतकीला हॉकी मी शिकवली. तू दौऱ्यांवर, त्यामुळे आपल्याच मुरमाच्या मैदानावर, संध्याकाळी मीच. ती नऊ-दहा वर्षांची असताना मी तिला चेंडू अडवायला दाखवला तो तुझ्या पद्धतीने. उभी स्टिक, सैल मनगटं, अंग मागे. त्या मैदानावर तेच योग्य होतं. एक दिवस मी गोलात उभी असताना चेंडू उसळला, तिचे खांदे जरा खाली गेले, आणि चेंडू तिच्या पायाशी पडला. शशी, मला चक्क तू दिसलीस. माझ्याच पोरीच्या पाठीत तू. मी त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला, कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

ती राज्यासाठी खेळायला लागली, टर्फवर जायला लागली, तेव्हा तो हात, म्हणजे चेंडू अडवायची ती सवय, मोडायला हवी होती. ज्या बाईने कार्यालयाची लादी चार महिने ओली केली, तिला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? मला दिसत होतं. दोन वर्षं दिसत होतं. दर उन्हाळ्यात मी म्हणायचे, या पावसाळ्यात लादीवर घेऊ. आणि पावसाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्षी. कारण तो हात मोडला असता तर ती पाठ मला परत कधी दिसली नसती. एवढंच कारण. याहून शहाणं कारण असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं.

तू तिला संघातून वगळलंस. तिच्याशेजारी जमिनीवर बसून एकच कारण सांगितलंस, तुझा चेंडू अडवणारा हात टर्फचा नाही. सहा महिने माझ्याकडे ये, आपण बदलू. ती घरी आली, बॅग दारातच टाकली आणि मला विचारलं, ‘आई, माझा हात चुकीचा आहे का?’

मी हो म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, हो, आणि तो मी शिकवला. मी म्हटलं, छे. हात काय चुकीचा. शशीमावशीला भीती वाटते, आपल्या माणसाला घेतलं असं लोक म्हणतील म्हणून तिने तुला काढलं, आणि वर कारण शोधलं. वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला कळत होतं की मी काय करते आहे. पोरीचा चेहरा शांत झाला. तिला बरं वाटलं. आणि तिने स्टिक माळ्यावर टाकली, कारण जिथे खेळ बघून निवड होत नाही तिथे तिला खेळायचं नव्हतं. बी.कॉम. करून ती बँकेत लागली. तुझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आठवड्याने तुझा फोन आला. केतकीला पाठवत का नाहीस म्हणून विचारलंस आणि मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, तो तुझाच हात आहे, तूच स्वतःला काढलंस. तू म्हणालीस, म्हणूनच काढला. त्या हाताने काय जातं ते मला माहीत आहे, तिचं जायला नको. मग तू विचारलंस, तिला काय सांगितलंस? मी सांगितलं. उलट रुबाबात सांगितलं, की बघ, तुझं खोटं मी पकडलं. मग तू फक्त ‘बरं’ म्हणालीस आणि ठेवून दिलास.

आयुष्यभर माझ्या प्रत्येक वाक्यावर भांडलेली बाई त्या दिवशी का भांडली नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन वर्षं आपण बोललो नाही. मग उत्तरायणाला, संक्रांतीच्या दिवशी, तू उंधियूचा डबा घेऊन माझ्या गच्चीवर उभी, जणू काल गेली होतीस आणि आज आलीस. मला म्हणालीस, पतंग नीट धर, हात अजून गोलकीपरचाच आहे तुझा. आपण पुन्हा भांडायला लागलो. सरकारवर, मॉलवर, तुझ्या पाठदुखीवर, तू संघाला इतकं पळवतेस त्यावर. फक्त त्या एका गोष्टीवर नाही. तू आलीस की केतकी आतल्या खोलीत जायची आणि तू तिच्या दाराकडे न बघता चहा प्यायचीस. ती मांजलपुरात राहायला गेल्यावर तुझ्या घरावरून जायला नको म्हणून स्कूटरने लांबचा रस्ता घ्यायची. तू मला एकदा म्हणालीस, तुझी पोर गाडी फार जोरात चालवते, तिला सांग. म्हणजे तू गॅलरीतून बघत होतीस.

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी, मी तुझ्याकडे आले तेव्हा तू गॅलरीत उन्हाला बसली होतीस. निम्मी झाली होतीस. तुझी आई आत पेज करत होती. ऐंशी ओलांडलेल्या बाईने मुलीसाठी पेज करावी, हे बघून मी उगाच तुझी शाल सारखी करत बसले. तू म्हणालीस, ‘केतकीला सांगितलंस का?’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, तूच का नाही सांगितलंस तिला? तुझं नाव खराब केलं मी तिच्यापाशी, तू एकदा बोलली असतीस तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं.

तू शालीतून हात बाहेर काढून माझ्या गुडघ्यावर ठेवलास. ‘मावशी नसली तरी पोरीचं चालतं, कुमे. आईवरचा विश्वास गेला तर तिचं चालत नसतं. आता मोठी झाली आहे, आता पेलेल. सांग तिला.’

मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तू बरी होशील तेव्हा दोघींना समोर बसवून सांगू. जशी लादी पुढच्या पावसाळ्यावर टाकत होते, तशीच. आणि मग तुझ्या आईचा फोन आला.

तुझं सगळ्यांत मोठं काम कुठलं, असं परवा कुणीतरी विचारत होतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की या बाईने माझ्या मुलीजवळ मला दहा वर्षं सांभाळलं, आणि त्यासाठी स्वतः त्या मुलीला मुकली. पोटच्या पोरीसारखी होती ती तुला. मला तुझा अभिमान वाटतो शशी, इतका की लाज वाटते.

आज सकाळी केतकीकडे आले. ती बँकेत जायच्या गडबडीत होती, पोळ्या लाटत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुरुम, टर्फ, तुझी ती एकच मॅच, लादी, दोन वर्षं मला दिसत होतं ते, आणि दारात बॅग टाकून तिने विचारलेल्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर. रात्रंदिवस मी तिच्या प्रश्नांची तयारी केली होती. खोटं का सांगितलंस, मला मावशीकडे का पाठवलं नाहीस, माझा खेळ का घालवलास. प्रत्येकाला उत्तर होतं माझ्याकडे, बरं-वाईट, पण होतं. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही. तव्यावरची पोळी काढली, गॅस बंद केला आणि म्हणाली, ‘मग मी मावशीशी इतकी वर्षं का नाही बोलले?’

मी म्हटलं, माझ्यामुळे.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने हात धुतले, बँकेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मग विचारलं, तिकडे मावशीच्या घरी आजी एकटीच आहे का? मी हो म्हटलं आणि चपला घालायला उठले. ती स्कूटरची किल्ली घेऊन दारात थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू नको येऊस.’

दोन गल्ल्या आहेत, शशी. चालत गेलं तर पाच मिनिटं. साडेनऊला गेली, आता एक वाजून गेला. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तुला हे लिहिते आहे. ती अजून आलेली नाही, आणि मी फोन करणार नाही.